मुंगसाच्या तोंडावरचे रक्त

पाळीव प्राण्यांच्या इमानदारीचे किस्से सांगायला बसले की रात्र पुरत नाही. प्रत्येक मोहल्ल्यात, प्रत्येक वाडीवस्तीत एखादा तरी किस्सा असतोच. कुठे कुत्र्याने भुंकून भुंकून चोर पळवून लावलेला असतो, कुठे मांजरीने पाळण्याजवळ आलेल्या सापावर झडप घातलेली असते. यात खरे किती आणि तिखटमीठ किती, हे ठरवणे अवघड. पण यातला एक किस्सा असा आहे की त्याचा प्रवास कागदोपत्री शोधता येतो. तो सोळाशे वर्षांहून जुना आहे. संस्कृतातून निघून तो पहलवी, अरबी, फारसी, हिब्रू, लॅटिन अशा भाषा ओलांडत फ्रान्स आणि वेल्सच्या खेड्यांपर्यंत गेला, आणि तिथे त्याच्या नावाने थडगी उभी राहिली.

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. त्यामुळे हा किस्सा मला दोन्ही दारांनी भेटतो. मराठीच्या तासाला त्यात मुंगूस असते, उर्दूच्या तासाला नेवला. प्राणी तोच, साप तोच, पाळण्यातले मूलही तेच. बदलतो तो फक्त माणूस, आणि मला वाटते गोष्टीची खरी मेख तिथेच आहे.

मूळ गोष्ट काय आहे?

पंचतंत्राच्या पाचव्या भागाचे नाव 'अपरीक्षितकारक', म्हणजे पारख न करता केलेले काम. त्यात ही गोष्ट येते. एका ब्राह्मणाच्या घरी मूल जन्मते, त्याच सुमाराला मुंगसाचे एक पिल्लूही घरात वाढू लागते. ब्राह्मणी दोघांना सारख्याच मायेने वाढवते. पण तिच्या मनात एक धाकधूक असते: जनावर ते जनावर, उद्या माझ्या लेकराला काही केले तर? एके दिवशी ती पाण्याला जाते, नवऱ्याला मुलाकडे लक्ष ठेवायला सांगते. नवराही भिक्षेसाठी बाहेर पडतो. घरात राहतात मूल आणि मुंगूस. बिळातून काळा साप निघतो, पाळण्याकडे सरकतो. मुंगूस त्याचे तुकडे करते आणि आनंदाने आईला सामोरे धावते. तोंडाला रक्त. आई ते रक्त पाहते आणि डोक्यावरची घागर मुंगसावर आपटते. आत जाऊन पाहते तो मूल झोपलेले, शेजारी सापाचे तुकडे.

हितोपदेशात थोडा फरक आहे. तिथे बायको अंघोळीला गेलेली असते आणि मुंगसाला मारतो तो स्वतः ब्राह्मण. त्याला राजाकडून श्राद्धाचे बोलावणे येते, दक्षिणा दुसऱ्याला मिळेल म्हणून तो घाईने निघतो आणि घाईनेच परत येऊन मारतो.

एकदा वर्गात मी मुलांना विचारले, यात चूक कुणाची? एकाने सांगितले, आईची, तिने आत जाऊन पाहायला हवे होते. दुसरी म्हणाली, बापाची, तो घर सोडून गेलाच का? मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, "सर, मुंगसाने तोंड धुऊन यायला पाहिजे होतं." सगळा वर्ग हसला. मीही हसलो. पण पोराने नकळत नेमके बोट ठेवले होते. ज्याच्यावर आधीच संशय आहे, त्याने भले काम केले तरी तोंड धुऊन, पुरावा हातात घेऊनच समोर आले पाहिजे, अशी आपली अपेक्षा असते. मुंगसाला हे माहीत नव्हते. त्याला वाटले, रक्त हीच आपली कामगिरी आहे.

पंचतंत्राने तो संशय रक्त दिसण्याच्या कितीतरी आधी पेरून ठेवला आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आईने रक्त पाहून निष्कर्ष काढला, असे वरवर वाटते. खरे तर निष्कर्ष तिच्या मनात तयारच होता, रक्ताने फक्त निमित्त दिले.

नौशेरवाँच्या दरबारातून बगदादला

या गोष्टीचा ज्याची तारीख सांगता येते असा एक फार जुना लेखी पुरावा चिनी भाषेत आहे. चिनी भिक्षू फाहियान भारतात आला तेव्हा पाटलीपुत्र येथे त्याला महासांघिक पंथाच्या विनयग्रंथाची प्रत मिळाली. परत गेल्यावर इ.स. 416 ते 418 या काळात त्याने बुद्धभद्राच्या सोबतीने तिचा चिनी अनुवाद केला. त्यात ब्राह्मण आणि मुंगसाची ही गोष्ट आहे. म्हणजे पाचव्या शतकाच्या आधीच ती भारतात लोकांच्या तोंडी असणार.

सहाव्या शतकात इराणचा बादशाह खुसरो अनुशिरवान, म्हणजे उर्दू वाचकांच्या ओळखीचा नौशेरवाँ-ए-आदिल, याच्या दरबारातला हकीम बुर्झोय याने पंचतंत्र पहलवी भाषेत नेले. तो पहलवी ग्रंथ आज उपलब्ध नाही. पण सुमारे 750 मध्ये इब्न अल्-मुकफ्फा या इराणी वंशाच्या लेखकाने त्यावरून अरबी अनुवाद केला, तो म्हणजे 'कलीला व दिमना'. करटक आणि दमनक हे आपले दोन कोल्हे अरबीत कलीला आणि दिमना झाले. ब्राह्मणाच्या जागी 'नासिक' म्हणजे तपस्वी आला आणि मुंगसाच्या जागी 'इब्न इर्स', म्हणजे वीझल नावाचा मुंगसासारखाच लांबट, चपळ प्राणी. बायको हमामला जाते, इतक्यात बादशाहाचा माणूस तपस्व्याला बोलवायला येतो, पुढे सगळे तसेच.

पुढे हीच गोष्ट फारसीत फिरली. बाराव्या शतकात गझनीला नसरुल्लाह मुन्शीने ती लिहिली, पंधराव्या शतकाच्या अखेरीस हेरातला हुसैन वाइज काशिफीने 'अन्वार-ए-सुहैली' या नावाने सजवली. ती भाषा फार अलंकारिक झाली असे वाटून अकबराने अबुल फजलला सोप्या फारसीत पुन्हा लिहायला सांगितले. 1588 मध्ये तयार झालेला तो ग्रंथ म्हणजे 'इयार-ए-दानिश', ज्ञानाची कसोटी. अशा रीतीने हजार वर्षे इराण-अरबस्तान फिरून मुंगूस अकबराच्या दरबाराच्या वाटेने घरी परतले.

उर्दू-मराठीच्या शिक्षकाला आणखी एक योगायोग सुखावतो. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात हफीजुद्दीन अहमद यांनी 'इयार-ए-दानिश'वरून 'खिरद अफरोज' हा उर्दू ग्रंथ तयार केला. तो 1815 मध्ये कलकत्त्यात छापला गेला. त्याच वर्षी, तिथून जवळच असलेल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून वैजनाथ पंडितांचा मराठी हितोपदेश बाहेर पडला. एकाच आईची दोन लेकरे, एक बगदादमार्गे आलेले, दुसरे सरळ संस्कृतातून, एकाच वर्षी हुगळीच्या काठी छापील रूपात भेटली.

कुत्र्यावर एक आख्खी किताब

आता एक प्रश्न आमच्या मोहल्ल्यातल्या वाचकांच्या मनात येईल. मुंगूस ठीक, मांजर तर आपलीच. पण कुत्र्याच्या वफादारीचे काय? आमच्याकडे मांजर बिछान्यात झोपते आणि कुत्र्याला उंबऱ्याबाहेर जागा असते. यामागे फिक्हची चर्चा आहे. हनफी मताप्रमाणे कुत्र्याची लाळ नापाक आहे. मालिकी मताप्रमाणे जिवंत कुत्रा पाक आहे. शिकार, गुरे आणि शेताची राखण यांसाठी कुत्रा पाळण्याची मुभा हदीसमध्ये स्पष्ट आहे. पण पाक-नापाक हा तहारतचा प्रश्न आहे, तो द्वेषाचा परवाना नाही. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजल्याबद्दल माफी मिळाल्याची हदीस बुखारीत आहे. कुरआनच्या सूरह अल्-कहफमध्ये गुहेत झोपलेल्या तरुणांबरोबर त्यांचा कुत्राही आहे, उंबरठ्यावर पुढचे पाय पसरून बसलेला. त्या तरुणांची संख्या मोजताना प्रत्येक वेळी कुत्र्याचीही गणती झाली आहे.

ज्या बगदादमध्ये 'कलीला व दिमना' वाचले जात होते, तिथे या विषयावर मोकळेपणाने लिहिले जात होते. नवव्या शतकातल्या अल्-जाहिजने 'किताब अल्-हयवान' या आपल्या प्रचंड ग्रंथात कुत्रा श्रेष्ठ की कोंबडा, असा एक लांबलचक वादच रंगवला आहे. आणि 921 च्या सुमाराला वारलेल्या इब्न अल्-मर्जुबान या बगदादी लेखकाने तर कुत्र्यांच्या बाजूने एक छोटी किताबच लिहिली. तिच्या नावाचा अर्थ असा होतो: 'कपडे घालणाऱ्या अनेकांपेक्षा कुत्र्यांचे श्रेष्ठत्व'. नावातच चपराक आहे. त्याला कुत्र्याविषयी सांगायचे आहेच, पण त्याहून जास्त सांगायचे आहे ते कपडे घालणाऱ्यांविषयी. दोस्त दगा देतात, नातेवाईक पाठ फिरवतात, आणि दारातला कुत्रा मालकाच्या कबरीवरून हलत नाही, अशा धर्तीचे किस्से त्याने गोळा केले आहेत. एका किश्शात विषारी झालेले अन्न मालक खाणार म्हणून कुत्रा भुंकतो, कुणाला कळत नाही, शेवटी तो स्वतःच ते खातो आणि मरतो. इथेही तेच: प्राण्याने सांगितले, माणसाला समजले नाही.

संत कुत्रा आणि राजपुत्राचा कुत्रा

मुंगसाची गोष्ट युरोपात दोन वाटांनी गेली. एक वाट 'कलीला व दिमना'च्या हिब्रू आणि लॅटिन अनुवादांची. दुसरी 'सिंदबादची किताब' या दुसऱ्या कथासंग्रहाची, जो युरोपात 'सात शहाणे' म्हणून लोकप्रिय झाला. ज्या देशात मुंगूस नाही तिथे लोक मुंगसाची गोष्ट कशी सांगणार? म्हणून प्राणी बदलत गेला. फारसी सिंदबादनाम्यात ती मांजर झाली, युरोपात पोचेपर्यंत तो शिकारी कुत्रा झाला.

तेराव्या शतकात फ्रान्समध्ये एटिएन द बुर्बाँ नावाचा एक डोमिनिकन धर्मगुरू पाखंडाचा तपास करत फिरत होता. लिऑन शहराच्या उत्तरेकडच्या दोंब भागात त्याला अनेक बायकांनी कबुली दिली की आम्ही आजारी लेकरांना संत गिनफोरकडे नेतो. त्याने चौकशी केली, हा संत कोण? तेव्हा कळले की तो माणूस नाही, ग्रेहाउंड जातीचा कुत्रा आहे. एका सरदाराच्या पाळण्यातल्या बाळाला त्याने सापापासून वाचवले, सरदाराने तोंडावरचे रक्त पाहून तलवारीने त्याला मारले, नंतर सत्य कळल्यावर विहिरीत टाकून वर दगड रचले, झाडे लावली. पुढे ती गढी ओसाड पडली, पण गावच्या बायका त्या जागेवर येत राहिल्या. धर्मगुरूने कुत्र्याची हाडे उकरून जाळली, ती राई तोडली, पुन्हा कुणी गेल्यास शिक्षा जाहीर केली. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे सहाशे वर्षांनंतर, एका स्थानिक अभ्यासकाला बायका त्या जागी जाताना आढळल्या. फ्रेंच इतिहासकार जाँ-क्लोद श्मिट यांनी 1979 मध्ये या सगळ्यावर एक पुस्तकच लिहिले.

वेल्समध्ये बेथगेलर्ट हे गाव आहे. तिथे गेलर्ट नावाच्या कुत्र्याचे थडगे दाखवतात. राजपुत्र लेवेलिन शिकारीहून परत आला, पाळणा उलटा पडलेला, कुत्र्याच्या तोंडाला रक्त, मूल दिसेना. त्याने तलवार खुपसली, आणि मग पाळण्याखालून मुलाचा रडण्याचा आवाज आला, शेजारी मेलेला लांडगा. लेवेलिन तेराव्या शतकातला खरा राजा होता. पण थडगे मात्र अठराव्या शतकाच्या अखेरच्या काळातले आहे, आणि गावातल्या एका खाणावळवाल्याने प्रवासी यावेत म्हणून ते उभारले असे मानले जाते. गावाचे नाव बहुधा गेलर्टसारख्याच नावाच्या एका जुन्या ख्रिस्ती साधूवरून पडले असावे. आजही प्रवासी तिथे जातात आणि डोळे पुसतात.

स्मारक आहे म्हणून घटना घडली असे ठरत नाही, आणि घटना घडली नाही म्हणून लोकांचे अश्रू खोटे ठरत नाहीत. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. रायगडावरच्या वाघ्याच्या स्मारकावरून आपल्याकडे जो वाद झाला, 2012 मध्ये पुतळा हलवला गेला आणि पुन्हा बसवला गेला, तेव्हा हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले. पहिल्याचा निवाडा समकालीन कागदपत्रांनीच व्हायला हवा. दुसरा प्रश्न हा की अशी गोष्ट लोकांना पुन्हा पुन्हा का हवीशी वाटते.

बंजाऱ्याचा कुत्रा

त्याचे उत्तर शोधायला दूर जायला नको. शेजारच्या छत्तीसगडमध्ये, बालोद जिल्ह्यातल्या खपरी गावी कुकुरदेवाचे मंदिर आहे. तिथली लोककथा अशी. एका बंजाऱ्याने दुष्काळात सावकाराकडे आपला लाडका कुत्रा गहाण ठेवला. सावकाराकडे चोरी झाली. चोरांनी माल तळ्यात लपवला, ते कुत्र्याने पाहिले. सकाळी त्याने सावकाराचे धोतर ओढत त्याला तळ्यापर्यंत नेले. सगळा माल मिळाला. खूश होऊन सावकाराने कर्ज माफ केल्याची चिठ्ठी कुत्र्याच्या गळ्यात बांधली आणि त्याला मोकळे सोडले. इकडे बंजाऱ्याने कुत्रा परत आलेला पाहिला आणि त्याला वाटले, याने माझी जबान घालवली, हा पळून आला. त्याने काठीने कुत्र्याला मारून टाकले. मग गळ्यातली चिठ्ठी दिसली.

इथे साप नाही, पाळणा नाही, रक्त नाही. उलट पुरावा गळ्यातच बांधलेला आहे, लेखी, सावकाराच्या हातचा. तरीही काठी आधी चालली आणि वाचणे नंतर झाले. मागच्या बाकावरच्या त्या पोराचे म्हणणे इथे खोटे ठरते. तोंड धुऊन आले, पुरावा घेऊन आले, तरी समोरच्याला पाहायचेच नसेल तर काही उपयोग होत नाही.

1940 मध्ये भाषाशास्त्रज्ञ एमेन्यू यांनी एका निबंधात दाखवून दिले की ब्राह्मण आणि मुंगसाची ही गोष्ट भारतात अलीकडे घडलेली खरी घटना म्हणूनही सांगितली जाते. अमुक गावी, तमक्याच्या घरी. गोष्ट जुनी होत नाही, कारण तिच्यातली आपली घाई जुनी होत नाही.

प्राण्याला खरेच कळते का?

आता शंका घेणाऱ्याची बाजू. मुंगसाने बाळाला वाचवले असे आपण म्हणतो, पण त्याच्या मनात बाळ होते का? मुंगूस सापाला मारते ते तो त्याचा शिकार करण्याचा स्वभाव आहे म्हणून. नागाचे विष ज्या जागी स्नायूंना चिकटून ते बधिर करते, तिथली मुंगसाची रचनाच थोडी वेगळी आहे, त्यामुळे ते विष तिथे नीट बसत नाही. त्यावर त्याची चपळाई. म्हणजे पाळण्यात बाळ नसते तरी त्याने साप मारलाच असता. (आणि हो, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मुंगूस पाळता येत नाही, ही गोष्ट वाचून कुणी प्रयोग करू नये.)

कुत्र्याचे काय? 2006 मध्ये कॅनडातल्या दोन संशोधकांनी एक प्रयोग केला. मालकाने मोकळ्या मैदानात हृदयविकाराचा झटका आल्याचे सोंग करायचे. दुसऱ्या प्रयोगात पुस्तकांचे कपाट अंगावर पडल्याचे सोंग. जवळच एक अनोळखी माणूस बसलेला. कुत्रा त्याच्याकडे मदत मागायला जातो का? एकही कुत्रा गेला नाही. वर्तमानपत्रांनी लगेच निकाल दिला, कुत्रे हुशार नसतात.

पण 2020 मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्य विद्यापीठात वेगळा विचार झाला. संशोधकांनी 60 पाळीव कुत्रे घेतले. मालक एका मोठ्या खोक्यात शिरून मदतीसाठी हाका मारतो. सुमारे एक तृतीयांश कुत्र्यांनी खोके उघडून मालकाला सोडवले. एवढ्यावर थांबलो असतो तर उरलेले दोन तृतीयांश बेपर्वा ठरले असते. पण संशोधकांनी आणखी एक गोष्ट तपासली: खोक्यात नुसते खाणे ठेवले तर किती कुत्रे ते उघडतात? फक्त 19. म्हणजे बाकीच्यांना खोके उघडायचेच कसे हे कळले नव्हते. आणि ज्या 19 जणांना उघडता येत होते, त्यांच्यापैकी 16 जणांनी मालकालाही सोडवले. मालक शांतपणे वाचत असेल तेव्हा कुत्रे तितके अस्वस्थ होत नव्हते, हाक मारली की केविलवाणे होत होते. मदत करायची इच्छा होती, कशी करायची ते माहीत नव्हते.

माझ्यासारख्या शिक्षकाला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. उत्तर न देणारा विद्यार्थी मठ्ठ आहे की त्याला प्रश्नच समजला नाही, हे तपासायचे असेल तर प्रश्नपत्रिका बदलून पाहावी लागते. पहिल्या प्रयोगात प्रश्नपत्रिका माणसाच्या भाषेत होती. दुसऱ्यात ती कुत्र्याच्या आवाक्यात आणली गेली.

मांजर तर आपल्याच मिजाशीत जगणारी म्हणून बदनाम. पण मे 2014 मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्ड गावात घराबाहेर सायकल खेळणाऱ्या चार वर्षांच्या मुलाचा पाय एका कुत्र्याने तोंडात पकडला. घरची मांजर तारा बाणासारखी धावून कुत्र्यावर आदळली आणि त्याला पळवून लावले. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसच्या एका प्राणिकल्याण संस्थेने दरवर्षी शूर कुत्र्याला दिला जाणारा पुरस्कार ताराला दिला.

या घटनेवर जगाने विश्वास ठेवला, कारण घराच्या कॅमेऱ्यांनी ती टिपली होती. कॅमेरा नसता आणि घरचे लोक बाहेर येईपर्यंत कुत्रा पळून गेला असता तर? रडणारे मूल, पायाला रक्त, आणि शेजारी पिंजारलेली मांजर. संशय कुणावर गेला असता, हे वेगळे सांगायला नको.

परीक्षा कुणाची?

सोळाशे वर्षांच्या या प्रवासात प्राणी बदलले: मुंगूस, वीझल, मांजर, ग्रेहाउंड. इतकेच काय, दुसऱ्या शतकातल्या पॉसेनियस या ग्रीक प्रवाशाने नोंदवलेल्या अशाच एका कथेत तर बाळाचे लांडग्यापासून रक्षण करणारा स्वतः साप आहे, आणि बाप भाला फेकून त्यालाच मारतो. जो पंचतंत्रात खलनायक, तो ग्रीसमध्ये राखणदार. म्हणजे कोणता प्राणी चांगला आणि कोणता वाईट, हे गोष्टीला सांगायचेच नाही. प्रत्येक वेळी प्राणी आपले काम करून मोकळा होतो. मग दारातून माणूस येतो आणि खरी परीक्षा तिथे सुरू होते. चीनपासून वेल्सपर्यंत या परीक्षेत माणूस दर वेळी नापास झाला आहे. ब्राह्मणी, ब्राह्मण, तपस्वी, सरदार, राजपुत्र, बंजारा. जात-धर्म-देश कुठलाही असो, निकाल एकच.

प्राण्याच्या बुद्धीची चर्चा आपण हौसेने करतो. त्याला किती शब्द कळतात, तो आरशात स्वतःला ओळखतो का, तो माणसाला वाचवतो ते प्रेमाने की सवयीने. हे प्रश्न महत्त्वाचे आहेत. पण ज्याला बोलता येत नाही त्याची साक्ष समजून घ्यायची जबाबदारी बोलता येणाऱ्यावर येते, हे त्याआधी मान्य करायला हवे. मुंगूस जबानी देऊ शकत नाही. आत जाऊन पाळणा पाहणे आईलाच शक्य होते. चार पावलांचे अंतर होते.

आणि माणूस नेहमीच नापास होतो असेही नाही. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल येथे 1914 मध्ये एक दफन सापडले, सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचे. एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत कुत्र्याचे पिल्लू. 2018 मध्ये त्या पिल्लाच्या दातांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ते सहा-सात महिन्यांचे होऊन मेले होते आणि त्याआधी त्याला डिस्टेंपर हा कुत्र्यांचा जीवघेणा आजार झाला होता. त्या आजारात ते कित्येक आठवडे जगले. कुणी ऊब दिल्याशिवाय, स्वच्छ ठेवल्याशिवाय, पाणी पाजल्याशिवाय इतके दिवस निघणे शक्य नव्हते, असे संशोधकांचे म्हणणे आहे. आजारी पिल्लू शिकारीच्या कामाचे नव्हते, राखणीच्याही कामाचे नव्हते. त्या माणसांना पंचतंत्र माहीत नव्हते, लिहिणे-वाचणे माहीत नव्हते. पण एका मुक्या जिवाला काय होत आहे ते जवळ बसून पाहायला त्यांच्याकडे वेळ होता.

घरात मांजर असो, दारात कुत्रा असो, नाहीतर ज्याच्याविषयी मनात आधीच धाकधूक आहे असा कुणी असो: त्याच्या तोंडावर रक्त दिसले तर घागर आधी खाली ठेवावी आणि आत जाऊन पाळणा पाहावा.